स्टिअरिंग जड झालंय

“हाई तेल कोनी टाकं, भो? तू त्यानं काय बिघाडं व्हतं?”

कुरकुर बॉनेटखालून आली. मी हातभर अंतरावर उभी होते, म्हणून ऐकू आली. वाटलं, मलाच विचारतोय.

“मला काय माहीत?” मी म्हटलं.

बॉनेटखालून एक डोकं वर आलं. कपाळावर काळा पट्टा, भुवईवर घाम. “तुम्हाला नाही, ताई. गाडीला विचारत होतो.”

“गाडीला अहिराणी समजते?”

“खानदेशातली शे ना ती... म्हणजे, आहे ना.” तो गडबडला. “गिऱ्हाइकाशी मी शुद्धच बोलतो.”

“गाडी मुक्ताईनगरची आहे. तिची बोली वेगळी.”

“समजलं तिला. बघा, कशी गप्प बसली.”

इंजिन बंद केल्यावर कोणीही गप्प बसेल. पण मला हसू आलं, आणि मी ते दाबलं. हसायची वेळ नव्हती. मागे पिकअपच्या हौद्यात हिरव्या जाळीखाली केळीची बाराशे रोपं होती, वर ऑक्टोबरचं ऊन, आणि तिकडे शिंदखेड्याजवळ भिकननाना खड्डे घेऊन, ठिबक सोडून वाट बघत होते. रोपवाटिका सुरू केल्यापासून धुळे जिल्ह्यातली ही माझी पहिली ऑर्डर. रोपं माना टाकून पोहोचली असती, तर दुसरी आलीच नसती.

अमळनेर सोडल्यापासून वळण आलं की गाडी कण्हत होती. नरडाण्याच्या फाट्यावर तर स्टिअरिंग दगड झालं. समोर पाटी दिसली — योगराज ऑटो.

योगराज तो हाच.

त्याने अंगठ्याने पट्टा दाबला. “पट्टा ताठ आहे. पाइप कुठं गळत नाही. मग हे बघा, ताई.” स्टिअरिंगच्या तेलाच्या छोट्या डबीचं झाकण काढून त्याने बोट बुडवलं. “हे लाल पाहिजे. इथं चहा झालाय, वर फेस. आणि वास ब्रेक ऑइलचा. त्यानं आतली रबरं फुगतात, पंप हवा ओढतो आणि असा कण्हतो. कोणीतरी मायेनं टाकलंय... पण पंप गेला.”

कोणी टाकलं, ते मला त्याच क्षणी कळलं.

माझ्या वडिलांना, तोताराम आबांना, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात परत आला, पण सोळा आणे नाही, आठच आणे. तरी पहिल्याच महिन्यात त्यांनी गाडी काढली आणि बांधावर चढवली. आई म्हणाली, “स्टिअरिंग जड झालंय तुमचं.” शेजारचे चुडामणकाका म्हणाले, “हो, जडच वाटतं.” मीही म्हटलं. आजारी माणूस, आणि नाव गाडीचं. सगळ्या घराला ते वाक्य फार सोयीचं पडलं. आबा मात्र सरळ मनाचे. गाडी आजारी आहे म्हणताच तिला औषध पाजायला निघाले... घरात जो डबा होता त्यातलं!

“दुसरा पंप?”

“धुळ्याहून मागवावा लागेल. दोन दिवस.”

“रोपं आज पोहोचायला पाहिजेत.”

त्याने रोपांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पंपाचा पट्टा वेगळा आहे या जुन्या गाडीला. काढून टाकतो. स्टिअरिंग फिरेल, पण ताकद लागेल.”

“लागू द्या.”

“मी चालवू?”

“गाडी माझी आहे.”

“मग मी शेजारी बसतो. रस्त्यात काही झालं तर...” वाक्य त्याने पुरं केलं नाही. शटर मात्र ओढलं.

अठरा किलोमीटर मी ते चाक ओढलं. खांदे भरून आले, बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणजे बघण्याचं नाटक करत होता. भिकननानांच्या शेताच्या वळणावर मात्र चाक अडलंच.

“ताई... हात लावू?”

“कशाला?”

“स्टिअरिंगला!” त्याचे कान लाल झाले.

“मग लावा की. विचारता काय?”

त्याचा काळा हात माझ्या हाताशेजारी आला. एक, दोन... आणि गाडी वळली. वळण संपलं. हात... थोडा उशिराच गेला.

रोपं टवटवीत उतरली. गाडी त्याच्याकडे ठेवून मी नरडाण्याहून रेल्वेने घरी आले.

मग फोन सुरू झाले. रोपवाटिकेत माझे हात मातीत, म्हणून फोन स्पीकरवर. शेजारी खाटेवर आबा.

पहिल्या दिवशी: “ताई, पंप सांगितलाय.”

दुसऱ्या दिवशी: “ताई, पंप आला.”

तिसऱ्या दिवशी: “पंप आला, पण... वायसर नाही.”

वायसर नसल्याचं मला काही वाटलं नाही. ‘ताई’ नसल्याचं मात्र लगेच जाणवलं. त्यानंतर तो मला काहीच म्हणेनासा झाला. नुसतं “हॅलो... ते... पाइपपण बदलू का?” आणि माझ्याकडून “बदला ना,” हेही जरा जास्तच हळू.

आठव्या दिवशी आबा म्हणाले, “मी बी येतो. चालवून पाहतो.” आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

नरडाण्याला पोहोचलो, तर गाडीची पुढची चाकं जॅकवर उचललेली होती. योगराजने आबांना वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली.

“नवं तेल भरलंय, आता हवा काढायची,” तो म्हणाला. “दोन माणसांचं काम आहे. एकानं चाक फिरवायचं, एकानं बुडबुडे बघायचे.”

मी चाकाशी बसले.

“उजवीकडं... सावकाश. घाई केली की फेस होतो.”

“मला घाई नाही.”

“मलाही नाही,” बॉनेटआडून आवाज आला. “आता डावीकडं... अजून... थांबा.”

“दिसतायत बुडबुडे?”

“कमी झालेत... डबीतले तरी.”

बऱ्याच फेऱ्यांनंतर तेल लाल, नितळ झालं. गाडी खाली घेतली, इंजिन सुरू केलं. कण्हणं गेलं होतं. एका बोटाने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं.

“उतर, नूतन,” आबा म्हणाले, आणि चढून बसले. उजवा हात चाकावर ठेवला. बोटं मिटली, पण पकड आली नाही. चाक अर्ध्यात थांबलं.

“जडच हाये अजून.”

योगराजने आबांच्या बोटांकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. “थोडी हवा राहिली असेल, आबा,” तो हळूच म्हणाला. “बघतो परत.”

बघता बघता तोही आमच्या घरातलं वाक्य शिकला! किती मऊ माणूस... पण याच मऊपणाने आमचा एक पंप खाल्ला होता. आता काय, दुसरा?

“हवा राहिली नाही,” मी म्हटलं. “आबा, गाडी ठणठणीत आहे. जड तुमचा हात झालाय. आम्ही सगळे खोटं बोललो. यापुढे गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसा, रस्ता सांगा.”

आबा समोरच्या काचेतून बघत राहिले.

“पयले मलेबी खरं वाटलं,” ते शेवटी म्हणाले. “तेल टाकलं, तरी तेच. मंग समजलं. पन तुम्ही सगये एवढ्या मायेनं म्हनता, तं मी बी म्हनत राहिलो... जड हाये.” त्यांनी डाव्या हाताने उजवा हात चाकावरून उचलून मांडीवर घेतला आणि पलीकडच्या सीटवर सरकले. “चाल, बस.”

मी बसले. डोळे पुसायला पदर नव्हता, ओढणी मिळाली.

“आन हे मिस्त्री,” आबा खिडकीतून म्हणाले. “आठ दिवसांत अकरा फोन. एक पंप बसवाले? पयले ‘ताई’ म्हने, आता तेबी नाई. यायच्यातली हवा कोन काढीन?”

योगराज माझ्या दाराशी आला. हातातला बोळा त्याने दोनदा पुसला, हात मात्र पुसायचा राहिला. “म्हणजे, मला असं म्हणायचं होतं की...”

“शुद्ध नको,” मी म्हटलं. “गाडीशी बोलता तसं बोला.”

मी गिअर टाकला नाही. चाकावरचे हातही हलवले नाहीत. तो खिडकीपाशी वाकला.

“नूतन... तू माले आवडस.”