धनेशचा अकराचा वर्ग

दार लोटून घ्या, पोरांनो, आणि मोबाइल पालथे ठेवा. आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर किशोरी राहते ना, तिच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही.

बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज सांभाळून घरूनच ऑनलाइन इंग्रजी शिकवायची. जासईचा धनेश तिचा विद्यार्थी, तिकडे आखातात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी. वायरलेसवर इंग्रजी बोलता आलं की बढती, म्हणून धडपड. वर्ग दर गुरुवारी रात्री अकराला.

नोव्हेंबरची तेरा तारीख होती. चहा करून ती लॅपटॉपसमोर बसली. धनेश आला. कॅमेरा बंद.

"मॅडम, आज पुस्तक नको. एकच वाक्य शिकवा. 'आमी अजून आत हाव.'"

"वी आर स्टिल इनसाइड. म्हणा."

त्याने म्हटलं. धाप लागली होती. मागे पाणी डुचमळत होतं.

"धनेशदादा, कुठे आहात तुम्ही?"

"टग पालथी झाली. काळोख हाय... भायेरच्यांना मराठी नाय समजत."

नोंदीत त्याच्या घरचा नंबर होता, तो लावला. वडील, कमळाकर, बोलले.

"पोरी, टग मंगळवारीच बुडाली. शोध पन थांबवला त्यांनी."

"काका, दादा बोलतायत! ऐका ना!"

तिने हेडफोन उपटला. फोन लॅपटॉपला टेकवला.

"परत सांगा, मॅडम... इसरलो."

"धनू!" म्हातारा फोनमध्ये ओरडला. "धनू, मी हाय रे!"

लॅपटॉपमधून नुसता श्वास ऐकू आला.

एक... दोन...

मग तोही थांबला.

उजाडायच्या आत दोघं टगच्या कंपनीच्या एजंटाच्या दारात. कमळाकरने त्याचे पाय धरले, सोडेचना. शेवटी एजंटाने तिकडे फोन फिरवले. शनिवारी पाणबुडे उतरले. टगवर माणसं सहा होती. पाच सापडली. डॉक्टर म्हणाले, मंगळवारीच गेलेत पाचही. धनेशच्या खोलीला आतून कडी होती. तोडली.

आत कोणी नव्हतं.

किशोरीने शिकवणं सोडलं, शिकवणीचं ऑनलाइन खातंही बंद करून टाकलं. परवा परीक्षेचं काही शोधायला तोच जुना लॅपटॉप काढला आणि धावत खाली आली. मला दाखवला. नेट बंद होतं. स्क्रीनवर तेरा नोव्हेंबरचा वर्ग. पुढे लिहिलेलं, 'सुरू आहे'.

खाली मिनिटं...

वाढत होती.