अजून थोडं घुमतंय

दार उघडंच होतं. तो आत आला, गोल भिंतीसमोर उभा राहिला आणि खाडकन टाळी वाजवली.

“अहो, हा गाण्याचा क्लास आहे!” गाणं शिकवणारी दचकून ओरडली.

“अरेच्चा! मला वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ हवा होता...” तो ओशाळला. पण जाईल तर शपथ! मान तिरकी करून ऐकतच राहिला. “खोल्यांचा आवाज दुरुस्त करतो मी. इथे शिकवता तरी कसं?”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आजारपणातून उठून तिने या नव्या घरात क्लास मांडला, आणि तेव्हापासून तिचा एक सूर दुसऱ्यात कालवला जात होता. माझा आवाज गेला, आता क्लास बंद, असं तिने आईला सांगूनही टाकलं होतं.

“तुमच्या गळ्याला काही धाड भरलेली नाही,” तो म्हणाला. “दोष भिंतीचा. अशी आत वळलेली भिंत सगळा आवाज गोळा करून तुमच्याच अंगावर फेकते. तिच्यावर पोट पुढे काढलेल्या फळ्या लावू, म्हणजे तो चहूकडे पांगेल.”

दुसऱ्या दिवसापासून फळ्या चढू लागल्या. एक बसवायची आणि म्हणायचं, “गा बघू!” तो डोळे मिटून ऐकायचा... आणि ती गाता गाता त्याच्या भुवईवरचा लाकडाचा भुसा बघत राहायची.

“कसं वाटतंय?”

“अजून थोडं घुमतंय—”

मग तो निमूटपणे इकडची फळी तिकडे करायचा. आठवडा गेला, तरी काम काही संपेना.

“काय गं, भिंत नटवताय की नवरी?” आई स्वयंपाकघरातून विचारायची.

शेवटी एका संध्याकाळी त्याने हत्यारं आवरली. कान लालबुंद.

“खरं सांगू? सोमवारीच घुमणं थांबलं होतं. पण तुमचं गाणं ऐकायचं सुटेल म्हणून... बोललोच नाही.”

“मला काय कान नाहीत? सूर सरळ पोचला, तेव्हा आईच्या गळ्यात पडून रडले मी.”

“मग रोज तक्रार का करायचात?”

“तुम्ही फळ्या का हलवायचात, त्याचसाठी!” ती हसली, आणि मग हळूच म्हणाली, “मेल्यासारखी झाले होते हो मी. माझं गाणं तुम्ही मला परत दिलंत. उद्याही याल?”

“आता काय दुरुस्त करायला?”

“काही नाही. नुसतं ऐकायला... जन्मभर.”

त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी धपकन खाली पडली.

“अरे, हो म्हण की बाबा!” आतून आई म्हणाली. “आता या घरात सगळं स्वच्छ ऐकू येतं!”