केरेन्साची शांत चाळीस मिनिटं

"मी गुन्हेगार आहे की नाही, तेवढं शोधून द्या," असं म्हणत डिगरी पास्को दारातच उभा राहिला.

लव्हडे ट्रेझाइजनं किटली खाली ठेवली. पोर्थवेन या बंदरगावाच्या टपाल कचेरीत बावीस वर्षं तारा ठोकून झाल्यावर तिनं घरावर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली होती. आजवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शेजाऱ्याचा गुन्हा हवा असे. स्वतःचा मागायला आलेला हा पहिलाच.

"आत या. गुन्हा बसूनही सांगता येतो."

कोपऱ्यात तिचे मेहुणे, निवृत्त शाळामास्तर होस्किन, केशराचा बन खात बसले होते. बायको वारल्यापासून ते रोज चहाला येत आणि तपासात मदत करत. तपास तरीही पुरे होत.

पास्को खुर्चीच्या कडेवर टेकला. पन्नाशीचा माणूस, हेडफोनच्या पट्टीनं केसांत कायमची वाट पडलेली. सहा आठवड्यांपूर्वी 'केरेन्सा' ही आगबोट भर दुपारी तीन वाजता धुक्यात खडकावर चढली, तेव्हा कार्न ड्यूच्या कड्यावरच्या बिनतारी केंद्रात तो एकटा कामावर होता. पावणेचारला बोट मधोमध मोडली. पाच माणसं गेली. त्यांत बोटीचा तारवाला, अँब्रोज टिडी.

"बोटीची नोंदवही म्हणते, टिडीनं चारदा मदतीची हाक दिली. मी सहा मैलांवर होतो, मला काही ऐकू आलं नाही. उद्या चौकशी मंडळ बसतंय. नोकरी जाईल ते जाऊ दे. पण टिडीची बायको चॅपलमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते आणि मागे वळून बघत राहते. पूर्ण प्रार्थनाभर."

"तुम्हाला काय वाटतं? हाक आली होती?"

"पहिले दोन आठवडे म्हणत होतो, नाही आली. मग वाटलं, डुलकी लागली असेल. आता तर मला ती दाढी करतानासुद्धा ऐकू येते. म्हणजे आली असणार, नाही का?"

"उघड आहे," होस्किन मास्तर म्हणाले. "आठवतंय म्हणजे घडलंय."

"भावोजी, काल तुम्हाला चष्मा डब्यात ठेवल्याचं आठवत होतं. तो नाकावर होता."

मास्तरांनी बनकडे लक्ष वळवलं.

पास्कोनं दोन नोंदींच्या नकला टेबलावर ठेवल्या. पहिली त्याच्या केंद्राची. तीन वाजून आठ ते तीन सव्वीस: अटलांटिकमधल्या एका मोठ्या बोटीला नऊ तारा, पूर्ण जोरात.

"त्या बोटीनं पोच दिली?"

"नऊच्या नऊ तारांची. त्यावरूनच मंडळातले म्हणतात, पास्को लांबच्यांशी गप्पा मारत बसला आणि जवळचा बुडाला. पाठवताना ऐकू येत नाही, हे खरं. पण आठच्या आधी आणि सव्वीसनंतर मी कान लावूनच होतो. म्हणजे… असं वाटतं."

दुसरी नोंद केरेन्साची होती. लव्हडेनं ती मोठ्यानं वाचली.

"तीन पाच. एस. ओ. एस. पाठवला. उत्तर नाही. तीन बारा. एस. ओ. एस. पुन्हा. कोणाचाच आवाज नाही. तीन वीस. पुन्हा. सगळीकडे शांतता. तीन एकतीस. पुन्हा. उत्तर नाही." तिनं मान वर केली. "टिडीचं अक्षर?"

"नाही. मूळ वही भिजून लगदा झाली. कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, मेट रोझवॉर्न, यानं वाचता येत होतं तोवर उतरवून घेतली. त्यानं ते पहिल्या दिवशीच सांगितलंय."

"टिडी तुमच्याच हाताखाली शिकला ना? मग मदत मागताना तो काय ठोकेल?"

पास्को पहिल्यांदाच सरळ बसला. "सी-क्यू-डी. आमच्या कंपनीची जुनी खूण. सी-क्यू म्हणजे 'सगळी केंद्रं ऐका', त्यापुढे संकटाचा डी. नवी खूण बर्लिनच्या परिषदेत ठरली, कायद्यानं लागू होऊन तीन वर्षं होतील. पण कायदा कागदावर असतो आणि सवय मनगटात. आमचा माणूस आधी सी-क्यू-डी देतो, मग बोटीचं नाव, मग जागा. मग आठवलं तर जर्मनांची."

"सी-क्यू-डी म्हणजे 'कम क्विक, डेंजर', लवकर या, धोका," मास्तर म्हणाले. "सगळ्या जगाला ठाऊक आहे."

"सगळ्या जगानं ते नंतर बसवलं, मास्तर. आमच्या परिपत्रकात असं काही नव्हतं."

"बरं, एस-ओ-एसचा अर्थ तरी?"

"अर्थ नाही. जर्मन लोक आधी एस-ओ-ई वापरायचे. ई म्हणजे एकच टिंब, हेडफोनमधल्या खरखरीत हरवायचं. म्हणून शेवटी तीन टिंबं केली. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, मध्ये न थांबता. हा शब्द नाही की अक्षरं नाहीत, नुसता ठोका आहे."

अर्थ नाही, हे मास्तरांना पटेना. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना प्रत्येक गोष्टीचा अर्थ पाठ करायला लावला होता. गावातून जाता जाता त्यांनी चौकशी केली. पाद्रीबाबा म्हणाले, 'सेव्ह अवर सोल्स', आमचे आत्मे वाचवा. खाटीक म्हणाला, 'सेव्ह अवर शिप', आमचं जहाज वाचवा. आत्म्यांचं पाद्रीबाबा बघतील, असं त्याचं म्हणणं. पोस्टमास्तर म्हणाला, 'स्टॉप अदर सिग्नल्स', बाकीचे संदेश थांबवा. मास्तरांनी तिन्ही वहीत लिहून घेतले आणि पूर्वीपेक्षा जास्त गोंधळले.

पहिली भेट मिसेस टँगींची. त्या केरेन्सावरच्या प्रवासी; त्यांचा अजून गावातल्या सरायीतच मुक्काम होता, कारण बोट म्हटलं की त्यांना आता घेरी येई.

"माझी केबिन तारवाल्याच्या भिंतीला लागून," त्या म्हणाल्या. "पाच दिवस, बाई, पाच दिवस! भिंतीपलीकडे कुणी बश्या फोडतंय असा कडकडाट. ठिणगी उडते म्हणे, त्याशिवाय तार जात नाही. मी कॅप्टनकडे तीनदा लेखी तक्रार केली."

"आणि बोट आदळली तेव्हा?"

"गदागदा हलली, जागी झाले. कॅप्टन बाहेरून ओरडून गेले, 'काही नाही, भरती आली की सुटेल.' मग पुन्हा पडले. इतकी गाढ झोप पाच दिवसांत लागली नव्हती! चपलेत पाणी आलं तेव्हा उठले."

"बाई ओंडक्याच्या वरताण झोपते," बाहेर आल्यावर मास्तर पुटपुटले. "हिचा काही उपयोग नाही."

लव्हडेनं हातमोजे चढवले. मास्तरांनी ते आपल्या बाजूचं मत समजून वहीत लिहिलं.

केरेन्साचे कॅप्टन नॅनकिव्हल आपल्या घराच्या खिडकीत समुद्राकडे पाठ करून बसले होते.

"मी लगेच हुकूम दिला. आदळताक्षणी," ते म्हणाले.

"तुमच्या हुकमाशिवाय तारवाला हाक देऊ शकतो?"

"माझ्या बोटीवर माझ्या हुकमाशिवाय कोणी शिंकत नाही. एकतीस वर्षं, बाई. बोट ओढून न्यायला एकदाही कुणाचा दोर घेतलेला नाही. तो कडकडणारा डबा कंपनीनं बसवला, मी मागितला नव्हता."

"तरी लगेच वापरलात."

कॅप्टननी उत्तरादाखल पाइप शोधायला सुरुवात केली. तो त्यांच्या तोंडातच होता.

मेट रोझवॉर्न धक्क्यावर भेटला. तिशीचा, चांगल्या चेहऱ्याचा, बोलताना बूट बघणारा. नकलेबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "जसं होतं तसं उतरवलं, मिस. शब्दन् शब्द."

"वही घेतलीत तेव्हा टिडी कुठे होता?"

"जागेवरच. हेडफोन कानाला लावून. शेवटपर्यंत काढले नाहीत त्यानं."

"टिडीच्या बायकोला तुम्हीच कळवलंत?"

"बचावनावेतून उतरलो तर ती समोरच उभी होती." त्यानं बुटावरून नजर हलवली नाही.

त्याच दिवशी चार वाजता लव्हडेनं सगळ्यांना चॅपलच्या शाळेच्या खोलीत बोलावलं. मुलांची बाकं बुटकी. कॅप्टनचे गुडघे हनुवटीला लागत होते. टिडीची बायको, जेनिफर, काळ्या कपड्यांत पहिल्या बाकावर बसली. पास्को शेवटच्या. ती मागे वळलीच.

"हाक आली नव्हती," लव्हडे म्हणाली. "कारण ती दिलीच गेली नाही."

"अर्थात!" मास्तर म्हणाले, आणि मग, "म्हणजे काय?"

"सांगते. टिडी पास्कोंच्या तालमीतला. जीव घाबरा झालेला माणूस सवयीनं वागतो. सी-क्यू-डी, नाव, जागा. या नोंदीत सी-क्यू-डी एकदाही नाही. आपण कुठल्या खडकावर आहोत, हे चारपैकी एकाही हाकेत नाही. नुसतं एस-ओ-एस, वर्तमानपत्रांत छापून येतं तेवढंच."

"त्यानं कायदा पाळला असेल," कॅप्टन म्हणाले.

"असेलही. म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही. मिसेस टँगी, तीन ते पावणेचार तुम्ही काय करत होतात?"

"झोपले होते, सांगितलं ना!"

"ज्या आवाजानं पाच दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, ज्याची तीनदा लेखी तक्रार केलीत, त्याच्या भिंतीला टेकून. चार हाका म्हणजे चार वेळा बश्या फुटायला हव्या होत्या. पाण्यानं जाग आली, ठिणगीनं नाही. ठिणगी उडालीच नाही."

मास्तरांनी वहीतलं 'उपयोग नाही' हळूच खोडलं.

"झोपेवर मंडळ विश्वास ठेवणार नाही," रोझवॉर्न बुटांना म्हणाला.

"नको ठेवू दे. तीन बारा: 'कोणाचाच आवाज नाही.' तीन वीस: 'सगळीकडे शांतता.' पण तीन आठपासून सव्वीसपर्यंत सहा मैलांवर पास्को पूर्ण जोरात ठोकत होते. अटलांटिकमधल्या बोटीला ते स्वच्छ ऐकू आलं. नऊ वेळा पोच आली आहे. सहा मैलांवर हेडफोन लावलेल्या माणसाच्या कानाचे पडदे फाटायचे! टिडीनं लिहिलं असतं, 'केंद्र बोलतंय, मध्ये शिरता येत नाही.' शांतता फक्त त्याला ऐकू येईल, ज्याच्या कानाला हेडफोन नव्हते. आणि हेडफोन शेवटपर्यंत टिडीच्याच कानावर होते. हे तुमचेच शब्द, रोझवॉर्न; म्हणजे ही नोंद टिडीची नाही."

रोझवॉर्नचा चेहरा पडला. बाकाच्या कडेवर पोरांनी कोरलेली नावं तो बोटानं चाचपू लागला.

"त्यानं तीनदा परवानगी मागितली," तो म्हणाला. "मीच निरोप घेऊन कॅप्टनसाहेबांकडे गेलो. तिन्ही वेळा उत्तर एकच, 'भरती येऊ दे.' तीन बेचाळीसला हुकूम मिळाला. तोवर डायनॅमोत पाणी शिरलं होतं. तो कळ दाबत राहिला. वीजच नव्हती."

"भरती येणारच होती," कॅप्टन म्हणाले. ते पुन्हा म्हणाले, जरा हळू.

"मग हे लिहिलं कुणी सांगून?" लव्हडेनं विचारलं.

"कुणी नाही. मी किनाऱ्याला लागलो, तर ह्या उभ्या. विचारलं, 'त्यानं हाक मारली होती ना?' काय सांगणार होतो? हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं होतं. पास्कोचा विचारच डोक्यात आला नाही, मिस. खरंच. आला तोवर सगळं छापून आलं होतं."

पास्को उठून उभा राहिला.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, पास्को."

तो खाली बसला आणि दोन्ही तळव्यांनी कान झाकून घेतले.

"आता मंडळाला काय सांगायचं?" मास्तर कुजबुजले. "गावानं टिडीच्या नावानं दगड बसवायचं ठरवलंय. 'शेवटपर्यंत हाक देत राहिला' असं कोरायचं आहे."

सगळ्यांनी जेनिफर टिडीकडे पाहिलं. पास्कोनं मात्र पाहिलं नाही.

ती उठली. गुरुजींच्या टेबलावरचा कागद आणि दौत उचलून तिनं रोझवॉर्नपुढे ठेवली.

"लिहा."

"बाई, मी फक्त तुम्हाला बरं वाटावं म्हणून…"

"सहा आठवडे बरं वाटून घेतलं मी. ह्या माणसाकडे वळून वळून बघत." तिचा आवाज चढला नाही. "लिहा. त्यानं हाक मारली नाही. आणि पुढच्याच ओळीत लिहा, त्याला मारू दिली नाही. तिन्ही वेळा कुणी काय म्हटलं ते नावानिशी. कॅप्टनसाहेब, उठू नका, तुमची सही लागेल."

कॅप्टन उठले नव्हतेच. बाकातून त्यांना निघता येत नव्हतं.

रोझवॉर्ननं टाक बुडवला. "कुठून सुरुवात करू?"

जेनिफर शेवटच्या बाकापर्यंत चालत गेली आणि पास्कोच्या शेजारी, पुढे तोंड करून बसली.

"तीन वाजल्यापासून," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं वाचत लिहा. ह्यांना इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे."