पावावरचा अंगठा

तामू सकाळी फळी डोक्यावर घेऊन भट्टीवर गेली, ती अगदी रोजच्यासारखी. मेक्नेस शहरातल्या त्या गल्लीत पाव घरी भाजत नाहीत. पीठ घरी मळायचं, ताटाएवढे गोल पाव थापायचे, वर फडकं टाकून फळी भट्टीवर ठेवायची आणि दुपारी घेऊन यायची. चाळीस घरांचे पाव एकाच भट्टीत, तेव्हा घराघराची खूण ठरलेली. कुणी काट्याने टोचतं, कुणी वाटीची कड उमटवतं. तामूची खूण तिच्या आईची होती, तीन बोटं आणि एक चीर. भट्टीवाले बा अल्लाल सत्तरीचे, पण सगळ्या खुणा त्यांना तोंडपाठ. आजवर एकाचा पाव दुसऱ्याकडे गेलेला नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

दुपारी तिने फडकं काढलं. दोन पाव ठीक होते. तिसऱ्यावर तीन बोटं होती, चीर होती आणि मधोमध एक अंगठा होता. कच्च्या पिठात दाबलेला आणि तसाच भाजून निघालेला. खळग्याच्या तळाशी एक बारीक रेघ वर आली होती. पाव हातातून टाकू नये म्हणतात, म्हणून तिने तो टाकला नाही.

ती रेघ तिच्या ओळखीची होती. तिच्या नवऱ्याचा, बुश्ताचा, उजवा अंगठा विळ्याने उभा चिरला होता. जखम भरली, खाच राहिली. अझ्रू गावातल्या घरी ती पाव थापायची आणि तो येऊन प्रत्येकावर अंगठा दाबायचा. माझ्या घरातून निघालेलं माझ्याच घरी आलं पाहिजे, म्हणायचा. बायका हसायच्या, काय बाई प्रेम!

प्रेम म्हणे. ती विहिरीवर किती मिनिटं होती हे तो मोजायचा. बहिणीशी ती फोनवर काय बोलली ते रात्री जेवताना शब्दन् शब्द तिला ऐकवायचा. शिवणाच्या वर्गासमोर तीन-तीन तास उभा राहायचा, नुसता. कधी हात उगारला नाही. उगारला असता तर दाखवायला वळ तरी उठला असता. सासू म्हणायची, एवढा जपणारा नवरा कुणाला मिळतो? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. शेवटी आठ महिन्यांपूर्वी तिने फोन विहिरीत टाकला, घटस्फोटाचा अर्ज केला आणि ती मेक्नेसला आली. पत्ता कुणाला सांगितला नाही. नाव बदलून तामू घेतलं, रस्ते बदलले. आईची खूण तेवढी बदलायची राहिली. आईचं म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं हो.

ती तशीच बा अल्लालकडे गेली. म्हातारा म्हणाला, काल, बुधवारी, एक माणूस आला होता. सभ्य. फळ्यांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, ही तीन बोटं आणि चीर आमच्या गावाकडची, बघून आईची आठवण आली. कुणाच्या घरचा पाव हा?

"आणि तुम्ही सांगितलंत," तामू म्हणाली.

"पोरी... मला कुणी खूण विचारली की मला राहवत नाही."

"तो परत आला होता? आज?"

"नाही. शपथ घेतो. आज भट्टीवर एकही पुरुष आला नाही."

ती ज्यांच्याकडे भाड्याने राहायची त्या हनियाबाई, तिकडच्या भाषेत लल्ला हनिया, विधवा होत्या, आणि उगाच धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. पाव उलटसुलट बघून त्या म्हणाल्या, खाऊ नकोस, टाकू नकोस, फळीवर ठेव आणि खाली तारीख लिही. बायकांच्या केंद्रातल्या वकीलबाईंनीही तेच सांगितलं. असं काही झालं की जपून ठेवायचं, लिहून ठेवायचं, एकटीने फिरायचं नाही आणि त्याच्याशी बोलायला जायचं नाही. तामूने तसंच केलं. लल्ला हनिया रोज तिच्याबरोबर भट्टीवर जाऊ लागल्या. तरी दुसऱ्या दिवशी अंगठा होता. तिसऱ्या दिवशीही. नऊ दिवसांत नऊ पाव फळीवर बसले.

त्या पावांचं एक होतं. ते विटेसारखे कडक झाले, पण अंगठ्याच्या जागी बोट लावलं की मऊ लागायचं. आणि कोमट. लल्ला हनियांनी एकदा लावून पाहिलं आणि पुन्हा त्या फळीकडे गेल्या नाहीत.

दहाव्या दिवशी दोघी टोपलीत पाव घालून चौकीत गेल्या. अधिकारी तरुण होता, हसला नाही, तेवढ्यासाठी त्याचं भलं होवो. त्याने खळग्यात बोट घातलं, झटकन काढलं आणि पँटला पुसलं. मग आत जाऊन अझ्रूच्या चौकीत फोन लावला. बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"बाई, तुमचा नवरा गेला. गेल्या आठवड्यात, बुधवारी. मेक्नेसहून परतताना गाडी दरीत गेली."

तामूने विचारलं, कुठल्या बुधवारी? त्याने तारीख सांगितली. बा अल्लालनी ज्या दिवशी तोंड उघडलं तोच दिवस. पहिल्या अंगठ्याच्या आदल्या दिवशीचा. त्या घरात तिचा पत्ता एकालाच कळला होता आणि तो पत्ता पोटात घेऊनच तो गेला होता, म्हणून तिला कुणी कळवलं नाही.

"सुंठीवाचून खोकला गेला म्हणा," अधिकारी म्हणाला आणि त्याने वही मिटली. जिवंत माणसाविरुद्ध कागद होतो. मेलेल्यावर कुठलं कलम लावणार?

आता गंमत ऐका. घटस्फोट झालेला नव्हता, तारखाच पडत होत्या. म्हणजे तामू त्याची बायको. म्हणजे विधवा. म्हणजे चार महिने दहा दिवस पांढरे कपडे आणि घरात बसणं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिकडच्या रीतीप्रमाणे साखर घेऊन सांत्वनाला आल्या. लल्ला हनियांनी पेटीतून स्वतःचा जुना पांढरा झगा काढला आणि मान खाली घालून तिच्यापुढे ठेवला. भट्टीवर जायचं काही नडणार नाही, आम्ही नेऊ तुझी फळी, असं बायका म्हणाल्या. तामू झग्याकडे बघत राहिली. जिवंतपणी तो दारासमोर उभा राहायचा. मेल्यावर दारच लावून घेत होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा.

"मी हे घालणार नाही," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतील, तामू..."

"लोक पूर्वीही म्हणतच होते, लल्ला. किती जपतो म्हणत होते."

सकाळी तिने विटकरी झगा घातला आणि एकच पाव थापला. तीन बोटं नाहीत, चीर नाही. आईची मनातल्या मनात माफी मागून तिने अख्खा पंजा उमटवला, पाचही बोटं पसरून. फळी स्वतः नेली. ठेवून परतली नाही, भट्टीच्या तोंडाशी पायरीवर बसून राहिली. बायका कुजबुजल्या, तिने मान वळवली नाही. बा अल्लालनी इतर फळ्या बाजूला सारल्या आणि तिचा पाव एकटा आत सोडला. भाजून निघेपर्यंत दोघांनी त्यावरून नजर हलवली नाही. कुणी आलं नाही.

म्हाताऱ्याने पाव बाहेर काढला, वरून पाहिला, उलटा करून पाहिला. पाच बोटं स्वच्छ उठली होती. मधे काही नव्हतं.

"बघ पोरी," तो म्हणाला. "कोरा आहे."

तामू हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. गरम पाव छातीशी धरून ती घरी आली. लल्ला हनियांनी तिच्या विटकरी झग्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. चहा ओतला, ऑलिव्हचं तेल वाटीत घेतलं आणि म्हणाल्या, मोड बाई, तूच मोड, आज तुझा मान.

तिने बिस्मिल्ला म्हणून पाव मोडला.

आत पांढऱ्याशुभ्र गाभ्यात, बरोबर मधोमध, अंगठा होता. वरचा पापुद्रा अखंड, खालचा अखंड. खळग्याच्या तळाशी ती बारीक रेघ वर आलेली.

लल्ला हनियांचा हात तेलाच्या वाटीवर तसाच राहिला. तामू रडली नाही. तिने मोडलेले दोन्ही तुकडे ताटात ठेवले.

"पेन्सिल द्या, लल्ला," ती म्हणाली.

तिने कागदाच्या चिटोऱ्यावर तारीख लिहिली, खाली दहा हा आकडा घातला आणि चिटोरा ठेवायला ताटाकडे वळली. खळगा मघापेक्षा खोल झाला होता.