चष्मेवाल्याचा बोका

जरा सरकून बसा, पोरांनो. आणि ते मोबाइल पालथे घाला, नाहीतर भूतसुद्धा फोटोला उभं राहील. ही हकिगत आमच्या चौकातल्या चष्मेवाल्याची. त्यानेच मला सांगितली, आणि तो इतका रुक्ष माणूस आहे की त्याला खोटं सुचणारच नाही.

त्याच्याकडे एक बोका होता. नाव साहेब. काम शून्य आणि दिवसभर तक्रार, म्हणून साहेब. तक्रार एकच, मला बाहेर सोडा. मागच्या दाराशी बसून असा ओरडायचा की शेजाऱ्यांना वाटावं, घरात कुणाला तरी मारतायत. बायको म्हणायची, "बाहेर ट्रक आहेत, कुत्री आहेत. त्याला काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

"अगं, कैद्यालासुद्धा रोज अंगणात फिरवतात!"

शेवटी तडजोड म्हणून सुताराकडून दाराला खाली मांजरापुरती झडप करून घेतली. बायकोने तिला आतून कडी घातली. झाली तडजोड.

गेल्या जुलैतल्या एका मंगळवारी बायको बहिणीकडे मुक्कामाला गेली. "कडीला हात लावायचा नाही," असं बजावून गेली. रात्री साडेअकरापर्यंत चष्मेवाल्याने कानावर उशी दाबून धरली. मग उठला, कडी काढली, झडप वर धरली. "जा, बाबा, जा एकदाचा!"

साहेब थबकला. बाहेर भुरभुर पाऊस. नाक बाहेर, शेपटी आत. महिनाभर गळा काढून आता विचार चालला होता! चष्मेवाल्याचं टाळकं सटकलं. त्याने पायाने त्याला बाहेर ढकललं आणि कडी लावली.

पाच मिनिटांत तो परत दाराशी आला. त्याने कडी काढली. "साहेब... ये रे..."

झडप हलली. साहेब आत आला. मुकाट्याने. चष्मेवाल्याने पाठीवरून हात फिरवला. अंग कोरडं. "नशीब, भिजला नाहीस." त्याने कडी लावली.

तेवढ्यात दारावर नखं वाजली.

बाहेरून.

आणि आवाज... तोच. महिनाभर ऐकलेला.

त्याने खाली पाहिलं. साहेब झडपेसमोर बसला होता. दाराकडे पाठ करून. त्याच्याकडे बघत. वर ट्यूबलाइट लख्ख. डोळे तपासण्यातच चष्मेवाल्याचा जन्म गेलेला. एवढ्या उजेडात मांजराची बाहुली रेघेएवढी व्हायला हवी. ही वाटोळी होती. काळी. डोळाभर.

कडीपर्यंत जायचं तर हात त्याच्यावरून न्यावा लागणार होता.

"गल्लीतला दुसरा कुणी असेल," तो मोठ्याने म्हणाला. कुणाला, देव जाणे.

नखं वाजत राहिली. मग हळू... मग नाही.

सकाळी बायको आली. साहेब तिच्या पायाशी गेला. "अगंबाई, आज बाहेर जायचं नाही वाटतं?" तिने त्याला उचललं. "बघा, तुमच्यापेक्षा शहाणा निघाला."

चष्मेवाल्याने मागचं दार उघडलं. झडप बाहेरून चिखलाच्या पंजांनी भरली होती. बायकोला दिसायच्या आत त्याने ती पुसून काढली. मग दिवसभर हाका मारत गल्ल्या पालथ्या घातल्या. बायको हसली. "अहो, कुणाला हाका मारताय? साहेब घरातच आहे."

आता मे महिना. पावसाचा थेंब नाही, अंगणाला भेगा पडल्यात. तरी पहाटे उठून तो झडप बाहेरून बघतो. रोज एक पंजा असतो...

चिखलाचा. ओला.