संगिनीचा खंजीर

लढाई संपली तरी तागझूत गावच्या लोहारआळीत ऐरणी थंडावल्या नव्हत्या. स्पॅनिश शिपायांच्या हिसकावलेल्या संगिनी तोडायच्या आणि त्यांचे खंजीर घडवायचे, हेच काम. त्यात अल्लालचा हात साऱ्या रीफच्या डोंगरात नावाजलेला. त्याचा एकुलता मुलगा मिमून या लढाईत गेला. ज्या संगिनीने तो गेला, तीच त्याचा मित्र बूझियान घेऊन आला.

"काका, हिचाच खंजीर करा. मिमूनचा सूड मी ह्यानंच घेईन."

अल्लालने भाता ओढला. पातं लालबुंद झालं, घणाखाली वळलं. पण पाण्यात बुडवताना चर्र झालं नाही. पाणी गप्पच राहिलं. त्याने अक्रोडाची मूठ बसवली आणि खंजीर बायको यामनापुढे ठेवला.

मिमूनला पुरल्यापासून यामना रडली नव्हती. तिने खंजीर फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला, थोपटू लागली, मग गाऊ लागली. शब्द अनोळखी होते.

"हे कुठलं गं गाणं?"

"अंगाई. ह्याच्या आईची."

"कुणाच्या?"

"हळू बोला ना. आत्ताच डोळा लागलाय."

खंजीर न्यायला आलेला बूझियान दारातच थबकला. त्याने स्पॅनिशांच्या मेलिया बंदरात हमाली केली होती. ती भाषा त्याला कळत होती.

"काय म्हणतेय रे ती?" अल्लालने विचारलं.

"म्हणतेय... नीज आंद्रेस, समुद्र शांत झालाय." बूझियान अल्लालकडे वळला. "काका, काकींनी समुद्र पाहिलाय कधी?"

"हा डोंगरसुद्धा उतरलेली नाही ती."

खंजीर न घेताच बूझियान परतला.

जेवणाच्या वेळी यामनाने जवाची भाकरी आधी त्या फडक्यापुढे ठेवली. अल्लालचा संयम सुटला.

"अगं, आपल्या पोराचा जीव घेतला त्यानं!"

यामनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"कुठल्या पोराचा?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर अल्लालने खंजीर मुलाच्या कबरीशेजारी पुरला. बूझियान सोबत होता. माती सारखी करून अल्लालने मुलासाठी दुवा मागायला हात पसरले.

ओठ हलले. थांबले.

"बूझियान, नाव सांग रे."

"कुणाचं, काका?"

"इथं निजलाय त्याचं."

"मिमून," बूझियानने सांगितलं.

अल्लालने ते पुटपुटून पाहिलं. परमुलखातलं नाव उच्चारावं तसं, अडखळत.