खांद्यावरचा हात

आज लोक मला माणसांची चित्रं काढणारी म्हणून ओळखतात, पण एका रविवारी माझी गाठ कायमची फुलांशीच पडणार होती.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आठवडाभर टपाल कचेरीत शिक्के मारायचे आणि रविवारी सरांच्या चित्रकलेच्या वर्गाला जायचं. छापखान्याच्या वरची खोली. सर चारच रंग देत: पांढरा, काळा, मातकट पिवळा आणि लाल.

"अख्खा माणूस यात मावतो," ते म्हणायचे. "निळा हवाय? काळ्यात पांढरा घाल आणि पिवळ्याशेजारी ठेव. डोळे आपोआप फसतात."

माझी माणसं मात्र उकडलेल्या बटाट्यासारखी दिसायची. शेवटी सर म्हणाले, "या रविवारी आकृती उभी राहिली नाही, तर तू आपली फुलं काढत जा."

त्या रविवारी दुपारी सर बहिणीकडे गेले होते, म्हणून बाकीचे आलेच नव्हते. खोलीत मी आणि मावशी, दोघीच. मावशी एरवी छापखान्यात पुस्तकं शिवायच्या आणि रविवारी चित्रासाठी आमच्यासमोर बसायच्या. भिंतीला टेकवलेली खुर्ची, अंगावर करडी शाल. दहा मिनिटांत त्यांचा डोळा लागला.

जवसाच्या तेलाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. खाली यंत्रं बंद. ऐकू येत होता तो फक्त मावशींचा संथ श्वास. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी डोळे बारीक केले. हे नाक, हा कान असं म्हणायचं नाही. नुसता उजळ डाग, गडद डाग. त्या दिवशी पहिल्यांदाच ब्रश माझं ऐकत होता. खांद्यावर एक उबदार डाग दिसला, तो ठेवला. त्याच्याशेजारी जरा गडद. मग आणखी दोन... किती वेळ गेला, कळलंच नाही.

मावशी जाग्या झाल्या. पाय मोकळे करत माझ्यामागे आल्या आणि थबकल्या.

"हा... कुणाचा गं?"

मी पूर्ण डोळे उघडून चित्राकडे पाहिलं. मावशींच्या खांद्यावर एक हात होता. पुरुषाचा. चार बोटं पुढे, अंगठा मागे शालीत बुडालेला. एकेक फटकारा मला आठवत होता. जे दिसलं तेच मी ठेवलं होतं. आणि खुर्चीमागे तर मांजरसुद्धा शिरलं नसतं. मी फडकं उचललं.

"पुसू नकोस." मावशी अगदी हळू बोलल्या. "आमचे हे... जाऊन एकोणीस वर्षं झाली. रात्रपाळीला निघताना कंदील उचलून असाच हात ठेवायचे. येतो म्हणायचीसुद्धा लाज वाटायची त्यांना."

त्या हसत होत्या आणि डोळे वाहत होते.

"मावशी, मला भीती वाटतेय..."

"मला नाही वाटत. पूर्ण कर."

त्या परत खुर्चीत बसल्या. खांदा किंचित खाली घेतला, कुणाला हात ठेवायला सोपं जावं तसा. मी तो हात पूर्ण केला.

संध्याकाळी सर आले. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. चित्राच्या अगदी जवळ जाऊन तो हात पाहिला आणि म्हणाले, "फुलं राहू देत."

चित्र मावशींनी घरी नेलं. त्या वारल्यावर त्यांच्या लेकीनं ते मला आणून दिलं. सरही गेले, छापखाना पाडला. आता चार रंगांचा वर्ग मी घेते. चित्र भिंतीवर असतं. ती दुपार आठवली की भीती कमी, हुरहूरच जास्त वाटायची. गेल्या आठवड्यापर्यंत.

वर्गात नव्यानं आलेली एक निवृत्त नर्स डोळे बारीक करून त्या चित्रापुढे उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "यांच्यावर उजेड उजवीकडून पडलाय. मग या हातावर तो डावीकडून कसा?"

तीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या खोलीला खिडकी एकच, उजवीकडे. डावीकडे नुसती भिंत... आणि हातावरचा तो पिवळा उजेड दुपारचा नाहीच. कुणीतरी अगदी जवळ धरलेल्या कंदिलाचा आहे.